गवा पाहण्याचे काम कोणाचे

गेल्या महिन्यात एका प्रकाशकांचे पत्र आले. कागदाची टंचाई आता थोडी हटली आहे, जुन्या मासिकांतील निवडक शिकारकथांचे पुस्तक काढावयाचे आहे, तरी आपली गव्याची कथा पाठवावी, असा मजकूर होता. शेवटी एक ओळ वेगळी घातली होती : 'त्यातील माग काढणाऱ्याबद्दलचे वाक्य मात्र जसेच्या तसे असू द्यावे. ते मला अजून पाठ आहे.'

मलाही ते पाठ आहे. त्या कथेत दुसरी दोन-अडीचशे वाक्ये आहेत. काही बरी, काही उगाच लांबलेली, पण निरुपद्रवी. लोकांच्या लक्षात नेमके तेच एक राहते. शाळेतील सहकारी, लग्नात भेटलेले अनोळखी गृहस्थ, एकदा तर दात काढता काढता दाताचे डॉक्टर, सगळ्यांनी मला ते म्हणून दाखवले आहे. तोंड उघडे असल्यामुळे डॉक्टरांना मी काही सांगू शकलो नाही. तोंड मिटलेले असतानाही मी कोणाला फारसे सांगितले नाही, ही गोष्ट निराळी.

मी तेव्हा तिशीत होतो आणि बेळगावच्या एका शाळेत मराठी शिकवीत असे. बैल आणि म्हैस यांपेक्षा मोठे जनावर मी मोकळे पाहिलेले नव्हते. तरीही एका मासिकाच्या संपादकांनी 'शिकारकथा लिहाल का' असे विचारले, तेव्हा 'विचार करून सांगतो' म्हणून मी घरी आलो आणि बेळगावच्याच शहापूर भागातल्या माझ्या गल्लीत शिरेपर्यंत पहिला परिच्छेद मनात तयार झालेला होता. माझी भाषा चांगली आहे असे चारचौघांत बोलले जाई. भाषा चांगली असली की विषयाची माहिती बेताची असून चालते, अशी माझी समजूत होती. ती मला कोणी शिकवलेली नव्हती. माझी मीच करून घेतलेली होती.

माहिती मिळवण्यासाठी मी निपाणीच्या एका इनामदारांकडे जाऊ लागलो. त्यांची तंबाखूची वखार होती आणि पावसाळा संपून रान वाळू लागले की ते दरवर्षी खानापूरकडच्या जंगलात मोठी शिकार करावयास जात. तेथे एका जखमी गव्याने त्यांच्यावर चाल केली होती. मांडीवरचा वीतभर व्रण ते धोतर सारून कोणालाही दाखवीत. शिकारकथेला याहून अधिक काय हवे, असे मला वाटले. अधिक हवे होते ते एवढेच, की इनामदारांनी तीच हकिकत दोनदा तशीच सांगावी. ते मात्र त्यांना कधी जमले नाही.

"तर मास्तर, गवा असा उभा," ते दोन्ही हात पसरून म्हणाले. "खांद्याला माझ्यापेक्षा हातभर उंच."

"मागल्या रविवारी तो तुमच्या बरोबरीचा होता," मी वही चाळून म्हणालो.

"मागल्या रविवारी मी बसून सांगत होतो."

माजघराच्या दारामागून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. मी गेलो की त्या नेहमी दारामागे काहीतरी निवडीत बसलेल्या असत. "आणि तिथलं झाड जांभळीचं होतं की हो. आज ऐन कुठून आला?"

"झाडाशी कथेला काय करायचंय?"

"त्याला टेकून बंदूक भरली म्हणता, म्हणून विचारलं."

चार रविवार असे गेले. वहीत गव्याच्या चार उंच्या, तीन झाडे आणि पाच-सहा निरनिराळ्या वेळा जमा झाल्या. सकाळच्या मोटारीने निपाणीला जायचे, वखारीच्या उग्र वासात दुपारपर्यंत बसून शिंका आवरायच्या आणि परतताना आज आणखी काय बदलले याची यादी करायची, या क्रमाने मी इतका कंटाळलो की हकिकत पुरी होणे हेच माझे ध्येय झाले. ती खरी आहे की नाही, हे मागे पडले. मी हे कोणावर ढकलण्यासाठी सांगत नाही. कंटाळा माझा होता.

सर्व प्रकारांतून न बदलणारा भाग असा होता. हाक्यात, म्हणजे माणसांनी ओरडत जनावर बंदुकीकडे हाकलण्यात, गवा बाहेर आला. इनामदारांची पहिली गोळी त्याला लागली, पण तो पडला नाही आणि कारवीच्या दाट झुडपांत शिरला. इनामदार आणि एक माग काढणारा, असे दोघे रक्ताच्या खुणांवरून त्याच्या मागे गेले. गवा आपल्याच वाटेच्या कडेला, बांबूच्या बेटाआड, त्यांच्याकडे तोंड करून थांबलेला होता. तो धावून आला. माग काढणारा उडाला, इनामदार पडले, आणि पडल्या पडल्या त्यांनी दुसरी नळी झाडून गवा मारला.

कथेत एक भोक होते आणि ते बुजवल्याशिवाय मला पुढे जाता येईना. मी विचारले, "तो दहा पावलांवर होता म्हणता. एवढे प्रचंड जनावर तुम्हा दोघांपैकी कोणालाच कसे दिसले नाही?"

इनामदारांनी अडकित्त्यात सुपारी धरली, कातरली नाही. "पुढं कोण होतं? माग काढणारा. त्यानं बघायला नको?"

"तो कुठे बघत होता?"

"खाली."

त्या दिवशी दारामागून काही ऐकू आले नाही. मला ते जाणवले होते. मी वही मिटली आणि आलो.

मग ते वाक्य लिहिले : 'माग काढणाऱ्याची नजर जमिनीवर खिळलेली होती, मृत्यू दहा पावलांवर उभा होता, आणि ज्याने तो पाहायचा, त्याने तो पाहिला नाही.' ते लिहून झाल्यावर मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या, हेही येथे सांगितले पाहिजे.

कथा गाजली. इनामदारांनी मासिकाच्या पुष्कळ प्रती मागवून त्यांतील कथेची पाने कापडी बांधणीत बांधून घेतली आणि जो कोणी शिकारीच्या निमित्ताने येई त्याच्या हातात त्यांतले एक बाड ठेवू लागले. शिक्षकांच्या खोलीत मी शिरलो की कोणीतरी हाक्याचा आवाज काढी. मला ते आवडत असे.

पुढच्या वर्षी थंडीत, एका रविवारी सकाळी माझ्या दारात साठीकडे झुकलेला एक वाळका मनुष्य येऊन उभा राहिला. अंगावर घोंगडे, हातात पानांत बांधलेला लोण्याचा द्रोण. नंदगडच्या पलीकडे जंगलाच्या कडेला गवळ्यांची जी वस्ती आहे, तिथून तो आला होता. चालत खानापूर, तिथून आगगाडीने बेळगाव, आणि मग विचारीत विचारीत शहापूर.

"गव्याचं लिवलेलं मास्तर तुमीच न्हवं?"

"हो."

"मग वाचा. मला वाचाय येत न्हाय."

तो कोण, हे मला तेवढ्याने कळले. मी त्याला आप्पा म्हणून बसावयास सांगितले, लोणी आत दिले, आणि मासिक काढून वाचू लागलो. शेजारच्या घरातून हातमागाची खटखट चालू होती. तो गुडघ्यांवर हात ठेवून, डोळे मिटून ऐकत होता. चांगल्या जागी मान हलवीत होता. ते वाक्य आले. त्याने हात वर केला.

"हितं थांबा. ह्ये परत वाचा."

मी परत वाचले.

"मघाशी मोठ्यानं वाचत हुतासा."

मी तिसऱ्यांदा, मोठ्याने वाचले. शेजारचा माग नेमका तेव्हा थांबला.

"आनि सरकार कुठं बगत हुतं?" त्याने विचारले. सरकार म्हणजे इनामदार.

"त्यांच्याविषयी या ठिकाणी काही म्हटलेले नाही."

"त्येच इचारतोय."

मग त्याने मला जे सांगितले ते जंगलाच्या कडेला राहणाऱ्या कोणत्याही माणसाला ठाऊक असते आणि मला ते विचारावेसे वाटले नव्हते. जखमी जनावरामागे दोघे जातात. पुढचा माग काढतो. त्याने खालीच बघायचे. पान, माती, रक्त, मोडलेली काडी. त्याने एकदा जरी मान वर केली तरी माग सुटतो, आणि माग सुटला की जनावर कोणत्या बाजूला आहे हेच कळेनासे होते. मागचा बंदूकवाला, त्याने वरच बघायचे. खाली काहीही असो, त्याने बघायचे नाही. त्याला जनावर दिसले की त्याने पुढच्याचा खांदा दाबायचा, म्हणजे पुढचा अंग टाकतो आणि बंदुकीला वाट मोकळी होते. दोघांचे मिळून एक जनावर असते म्हणा ना, त्याने समजावले. पुढल्याचे नाक, मागल्याचे डोळे.

"त्या दिशी रगत फेसाळ हुतं. फुप्फुसाला लागल्यालं. मी म्हनलं, लांब न्हाय आता. सरकारास्नी त्यो फेस बगायचा हुता. माजा खांदा धरून बाजूला केलं आनि वाकलं. मी वळून म्हनतोय, वर बगा, वर बगा. तवर आला."

"मग ते पडले, आणि त्यांनी गोळी—"

"त्ये खरं हाय. पडल्या पडल्या बार टाकला. टाकला नसता तर मी हितं बसलो नसतो. त्यात खोटं न्हाय." तो बरगडीवर हात ठेवून म्हणाला. "ती मांडी तेवढी गव्यानं फाडल्याली न्हाय. तोडलेल्या बांबूच्या खुटावर पडलं. ऱ्हाऊ दे त्ये. मांडी त्येंची हाय."

त्याची तक्रार मांडीची नव्हतीच. जंगलखात्याचे जे साहेब बाहेरच्या शिकाऱ्यांना माणसे नेमून देत, त्यांच्या हाती ते कापडी बाड पडले होते. यंदा हाक्याला त्याला बोलावणे आले नाही. विचारावयास गेला, तेव्हा साहेब म्हणाले की तुला दहा पावलांवरचा गवा दिसत नाही, पाहुण्यांचा जीव तुझ्या हवाली कसा करू.

"चाळीस वरसं माग काडतोय, मास्तर. आता पान्याला निघालेल्या बायका इचारत्यात, आप्पा, वाट दिसती न्हवं, का हात धरू?"

मी म्हणालो, "माझ्याकडून अनवधानाने..." आणि अडलो. तो माझे वाक्य पुरे होण्याची वाट बघत राहिला. पुरे झाले नाही.

"तुमीच लिवलासा," तो उठता उठता म्हणाला. "तुमीच पुसा."

मी निपाणीला गेलो. मोटार बंद पडल्यामुळे सहा मैल उन्हात चाललो, हे मला त्या दिवशी प्रायश्चित्तासारखे वाटले आणि त्यामुळे पोचेपर्यंत मी जवळजवळ समाधानी झालो होतो. इनामदारांनी पाट मांडायला लावले. जेवण होईतो मला बोलू दिले नाही. मग मी हळूहळू विषयाकडे येऊ लागलो, तर त्यांनी तो विषय माझ्या हातून काढून घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून हकिकत सांगावयास सुरुवात केली. गवा आता दरवाजाएवढा झाला होता. मधेच एक वाघ येऊन गेला.

"वाघ?" मी म्हणालो.

"तो त्याच मोसमातला. कुठंतरी सांगायला नको?"

"इनामदारसाहेब, त्या वेळी खाली कोण बघत होते?"

दारामागून निवडण्याचा आवाज थांबला. "तुम्हीच बघत होता की," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "डोलीतून घरी आणलं तेव्हा पहिलं हेच बोललात. मी फेस बघायला वाकलो गं, म्हणालात. आणि रडलात."

इनामदारांनी तोंड वखारीकडे फिरवले. मला वाटले, आता ते रागावतील. ते फार थकलेल्या आवाजात म्हणाले, "मास्तर, छापून आलंय ते आता. माणसं मला ते वाचून ओळखतात. तुम्हाला काय लिहायचंय ते लिहा. मला विचारू नका, म्हणजे मला नको म्हणावं लागणार नाही."

याहून मोकळी परवानगी मला कोणी दिली असती? मी तिचे काय केले, ते सांगतो. घरी येऊन मी खुलासा लिहावयास बसलो. इनामदार दुखावू नयेत, संपादकांना कमीपणा येऊ नये, माग काढणाऱ्याला न्याय मिळावा, आणि लेखकास विषयाची माहिती नव्हती असेही उघड दिसू नये, अशा चार अटी मी स्वतःवर घातल्या. पहिल्या तीन मी इतरांना सांगत असे. तीन दिवस खपून जे तयार झाले ते मासिकाच्या शेवटच्या पानावर, केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली आले : 'आमच्या पूर्वप्रसिद्ध शिकारकथेत माग काढणाऱ्याच्या संदर्भात जो उल्लेख आला आहे, त्यावरून कोणाचा काही विपरीत ग्रह झाला असल्यास तो तसा होऊ नये, अशी लेखकाची नम्र इच्छा आहे.'

हे मला पुरेसे वाटले. इतके पुरेसे वाटले की तो अंक घेऊन मी स्वतः खानापूरला गेलो, तिथून बैलगाडीने नंदगड गाठले आणि पुढे चालत गवळ्यांची वस्ती विचारीत गेलो. आप्पा म्हशींच्या गोठ्याशी उभा होता. एक म्हैस सकाळपासून परतली नव्हती आणि तिला शोधावयास तो निघाला होता. तरी तो बसला. मी वाचून दाखवले.

त्याने विचारले, "झालं?"

"हो."

"ह्यात मी कुठं हाय?"

मी बोट ठेवून दाखवले. त्याने बोटाकडे पाहिलेही नाही.

"आनि सरकार?"

"त्यांचा उल्लेख टाळला आहे."

"गवा?"

"गवाही नाही."

"मग ह्ये कुनाचं हाय?"

मी सुचेल ते उत्तर दिले. "लेखकाचे."

"व्हय. तुमचंच दिसतंय." तो उठला, कोयता कमरेला लावला आणि म्हणाला, "मला म्हस शोधायची हाय. येतासा? दोगं असलं म्हंजे बरं. मी खाली बगतो. तुमी वर बगा. कायबी झालं तरी खाली बगायचं न्हाय. काय दिसलं तर वरडायचं न्हाय, खांदा दाबायचा. जमंल?"

हे काम शाळेतील पहिल्या इयत्तेलाही जमेल असे मला वाटले.

आम्ही वस्तीमागच्या उतारावरून रानात उतरलो. दुपारचे ऊन पानांतून गळत होते. तो माझ्यापुढे हातभर अंतरावर कमरेत वाकून चालत होता, आणि मी मान ताठ करून कारवीच्या दांड्यांमधून समोर बघत होतो. पहिली काही पावले मला मोठे कर्तव्य बजावीत असल्यासारखे वाटले. मग पायाखाली काय येते आहे ही चिंता सुरू झाली. सापाची झाली. मग बोटांना ठेचा लागू लागल्या आणि मला या सगळ्याचा संताप येऊ लागला : म्हैस याची, रान याचे, आणि माझे पाय फुटताहेत. नंतर एका जागी तो थांबला, गुडघे टेकून त्याने ओल्या मातीतल्या एका ठशावर तळहात ठेवला आणि काढला. तो ठसा म्हशीच्या खुराहून मोठा दिसत होता. तो कशाचा असावा हे मला पाहावयाचे होते. मी वाकलो.

किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. एखादे वाक्य मनात जुळवावयास लागतो तेवढा. कारण मी तेच करीत होतो. 'ओल्या मातीत उमटलेली ती मुद्रा' असे काहीतरी. मग गोठ्यासारखा, पण त्याहून उग्र वास आला, आणि मी मान वर केली.

समोर वीस पावलांवर पिवळसर बांबूंमध्ये काळे काहीतरी होते, ज्याला मी आधी सावली समजलो. त्या सावलीला चार पांढरे पाय होते. पोटऱ्यांपर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे. मग शिंगे दिसली, आणि डोळा दिसला. निळसर, ओला आणि माझ्याकडे लागलेला. तो एकटा नर होता आणि इनामदारांच्या कोणत्याही रविवारच्या गव्याहून मोठा होता.

आप्पाची मान खाली होती. तो ठशाच्या कडा बोटाने चाचपीत होता. वर काय आहे याची त्याला काळजी नव्हती, कारण वर मी होतो. हे माझ्या ध्यानात आले. खांदा हातभर अंतरावर होता. माझा हात उचलला जाईना. तोंडातून निघाले ते शब्द नव्हते. खोकल्यासारखी एक चिरक होती.

गव्याने नाकातून जोराने फुत्कार सोडला. त्यासरशी आप्पाने, वर न बघताच, अंग एका बाजूला टाकले आणि जाता जाता माझा पाय ओढून मलाही कारवीत पाडले. जमीन हादरताना मला पोटाखाली जाणवली. बांबू कडाकडा मोडले. तो आवाज आमच्या अंगावर आला आणि मग डावीकडून उताराखाली, दूर, आणखी दूर गेला. तो धावून आला होता की आमच्याइतकाच दचकून पळाला होता, हे मला आजही माहीत नाही. इनामदार असते तर त्यांना माहीत असते.

आप्पा उठून बसला. अंगावरची पाने झाडता झाडता त्याने शांतपणे विचारले, "केवा बगितलासा?"

माझ्यापाशी पुष्कळ वाक्ये होती. ऊन डोळ्यांवर होते. बांबू दाट होते. मला सवय नव्हती. ती सगळी खरी होती आणि प्रत्येक नीट बांधता आली असती.

मी म्हणालो, "मी खाली बघत होतो."

"आं?"

"तू खाली बघत होतास, ते तुझे काम. मी वर बघायचे होते. मी खाली बघत होतो."

त्याने माझ्याकडे निरखून पाहिले. "आता कसं सरळ आलं तोंडातनं," तो म्हणाला. "आसंच लिवायला काय हुतं तुमास्नी?"

म्हैस आम्हाला ओढ्यात डुंबताना सापडली. वस्तीवर परतल्यावर त्याच्या पडवीत बसून मी शिसपेन्सिलीने लिहिले आणि त्याला वाचून दाखवले : 'जखमी गव्याच्या मागावर माग काढणाऱ्याने खाली बघायचे असते आणि बंदूकवाल्याने वर. त्या दिवशी बंदूकवाले खाली बघत होते. बिचाऱ्या माग काढणाऱ्याची काही चूक नव्हती. मी ही पद्धत कोणाला विचारली नाही, आणि न विचारता लिहिले.'

तो म्हणाला, "बेस हाय. बिचारा काडा."

"तो शब्द सहानुभूतीचा आहे, आप्पा."

"आसंल. काडा."

मी खोडला.

संपादकांनी हे मजकुराच्या पहिल्या पानावर छापले, कारण मी त्यांच्यासमोर बसून राहिलो आणि उठलो नाही. एक प्रत जंगलखात्याच्या साहेबांना टपालाने पाठवली. उत्तर आले नाही. पण पुढच्या हिवाळ्यात आप्पाला हाक्याचे बोलावणे गेले, आणि त्यानंतर गुडघे धरेपर्यंत चार-पाच मोसम तो जात राहिला. इनामदारांचे कार्ड आले. ते रागावतील या भीतीने मी ते दुपारपर्यंत वाचले नाही. त्यात एवढेच होते : 'गवा खांद्याला माझ्यापेक्षा हातभर उंच होता, हे तरी खुलाशात घालावयाचे होते. घरून निरोप आहे की झाड जांभळीचेच होते.'

आप्पाला मी नंतर दोनदा भेटलो. दुसऱ्या वेळी त्याने सांगितले की नवा बंदूकवाला आला की निघण्यापूर्वी तो त्याला नेमाने बजावतो. "म्हनतो, सायेब, वरच बगायचं. तुमी खाली बगितलासा तर बेळगावात एक मास्तर हाईत, ते माज्यावर लिवत्यात." हे सांगताना तो हसला नाही. त्याच्या वस्तीवरच्या बायका मात्र हसल्या. त्यांना ते ऐकून ऐकून पाठ झाले असावे.

तो आता नाही. इनामदारही नाहीत. मासिकातला माझा खुलासा कोणाच्या संग्रही असेल असे वाटत नाही. ती कापडी बाडे मात्र अजून कुठे कुठे आहेत, कारण कापडी बांधणी टिकते.

प्रकाशकांना मी कळवले की ते वाक्य काढून कथा छापण्यास हरकत नाही. उलट टपाली उत्तर आले. त्या वाक्याशिवाय कथेत राम राहत नाही, आपण पुनर्विचार करावा, वाचकांचाही काही हक्क असतो, असे दोन पानी पत्र, माझ्या तरुणपणीच्या भाषेत लिहिलेले. मी उत्तराचा मसुदा करावयास बसलो. 'आपल्या भावनांचा पूर्ण आदर राखून' इथपर्यंत आलो, तो कागद बाजूला ठेवला, आणि दुसऱ्या कागदावर लिहिले :

'मग कथा छापू नये.'

खाली सही केली आणि पाकीट त्याच दुपारी पेटीत टाकले.